सील ऑईलच्या कॅप्सूल, कॅनडावाल्या: माल चांगला, पण पुन्हा मागवणार नाही

रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी दोन. नुसता माल म्हणून बघाल तर चार द्यावे असा आहे, पण बाटलीवर जी गोष्ट सांगून माल विकला आहे आणि जी गोष्ट सांगायची टाळली आहे त्याचे दोन मी कापले. का कापले ते लिहायला जरा लांब जावं लागणार आहे, ज्यांना फक्त गुडघ्यांचं जाणून घ्यायचंय त्यांनी पुढचे तीन पॅरा वाचून थांबलं तरी चालेल.

कुठून आली ते आधी. बाबांचे गुडघे जिना चढताना फार दुखतात, कॉड लिव्हर ऑईल घेऊन झालं, मालिश झाली, लोकांनी सांगितलेली सगळी तेलं लावून झाली. माझी भाची कॅनडात न्यूफाउंडलँडच्या सेंट जॉन्सला शिकते, मेमोरियल युनिव्हर्सिटीत, ती सुटीत नागपूरला आली तेव्हा आजोबांसाठी ही सीलच्या, म्हणजे थंड समुद्रातल्या एका सस्तन प्राण्याच्या, तेलाची बाटली घेऊन आली, म्हणे मावशी तिकडचे म्हातारे लोक हेच घेऊन राहिले, माश्याच्या तेलापेक्षा भारी. इथे मला ही वस्तू दिसली नाही, धरमपेठेत विचारलं, सीताबर्डीवर विचारलं, मेडिकलवाले फिश ऑईलच काढून देतात. कोणाला बाहेरून मागवायची असेल तर कस्टमचे नियम आधी नीट बघा, सीलच्या कातड्याची आयात तर आपल्या सरकारने २०१८ मध्येच बंद केली आहे.

आता माल. कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची, फिश ऑईलच्या त्या लांबड्या कॅप्सूलपेक्षा बरीच छोटी, ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांच्यासाठी हे फार बरं आहे. मी एक कॅप्सूल टाचणीने फोडून स्टीलच्या वाटीत पिळून बघितली. तेल फिक्कं पिवळं, एकदम पातळ, वाटी वाकडी केली की लगेच ओघळतं, वास आधी मेणासारखा आणि मग किंचित मासळीचा, पण कॉड लिव्हरचा वास जसा घशाशी येऊन बसतो तसं होत नाही, ढेकर आली तरी तोंड खराब होत नाही असं बाबा म्हणतात. ठेवायची मात्र फ्रिजमध्येच, आपल्या इथे एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ ला जातो तेव्हा बाहेर ठेवली तर कॅप्सूल एकमेकींना चिकटतात आणि असली तेलं गरमीनं लवकर खवट होतात. शुद्ध शाकाहारी घरांसाठी ही वस्तू नाहीच, आत सीलच्या चरबीचं तेल आणि बाहेरचं कवच जिलेटिनचं. आईचे गुरुवार आणि शनिवार कडक असतात, तिनं लेबल वाचायला लावलं आणि त्या दोन दिवशी ही बाटली टेबलवर दिसली नाही पाहिजे हे सांगून टाकलं, आणि तसंच चालू आहे.

गुडघ्यांचं खरं सांगायचं तर सकाळचा आखडलेपणा थोडा कमी वाटतो असं बाबा म्हणतात, जिना चढताना फरक नाही. त्याच काळात त्यांनी फिजिओचे व्यायामही सुरू केले, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं ते मी ठामपणे सांगू शकत नाही. माश्याच्या तेलात ईपीए आणि डीएचए ही दोन ओमेगा-३ फॅटी ॲसिड्स असतात, सीलच्या तेलात त्यासोबत डीपीए नावाचं तिसरं ओमेगा-३ बऱ्यापैकी जास्त असतं, विकणारे त्यावरच जोर देतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणतंच ओमेगा-३ घेऊ नका. आणि हार्टसाठी म्हणून घेत असाल तर एवढं माहीत असू द्या की अमेरिकेत जवळपास २६ हजार लोकांवर झालेल्या मोठ्या चाचणीचा निकाल २०१८ मध्ये आला, त्यात रोज एक ग्रॅम फिश ऑईल घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे मिळून जे बघितलं गेलं त्यात म्हणावा असा फरक दिसला नव्हता.

इथपर्यंत प्रॉडक्टचं झालं. आता ते कापलेले दोन.

बाटलीवर बर्फाचा फोटो आहे, मेपलचं पान आहे, आणि मागे बारीक अक्षरात असं लिहिलंय की उत्तरेकडचे लोक शेकडो वर्षं हे खाऊन निरोगी राहिले. कोणते लोक ते लिहिलेलं नाही. सील कोणी मारला, कुठे मारला, कशासाठी मारला, एक शब्द नाही. मला आधी वाटलं की ठीक आहे, तेलाच्या बाटलीवर काय काय लिहिणार, पण मग मी वाचायला बसले आणि लक्षात आलं की ही मागची ओळच सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

ओमेगा-३ चा हा सगळा धंदा मुळात सुरू झाला तो इनुइट, म्हणजे कॅनडा-ग्रीनलँडच्या बर्फाळ उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांच्या, ताटावरून. १९७० च्या दशकात बँग आणि डायरबर्ग हे डेन्मार्कचे दोन संशोधक ग्रीनलँडला गेले, तिथले इनुइट सील आणि व्हेलची चरबी खातात तरी त्यांना हृदयविकार कमी, असं त्यांनी मांडलं आणि कारण म्हणून ही फॅटी ॲसिड्स पुढे आली. नंतरच्या अभ्यासकांनी इनुइटांना हृदयविकार कमी होता या गोष्टीवरच शंका घेतली, पण तोपर्यंत कॅप्सूल जगभर पोचली होती. म्हणजे नाव त्यांच्या खाण्याचं. आणि कॅनडात मोठ्या प्रमाणात जी सील मारली जाते, जिच्या कातड्यासोबत चरबीचं तेल बाजारात येतं, ती शिकार इनुइटांची नाहीच, ती न्यूफाउंडलँड आणि क्वेबेककडच्या मच्छीमारांची व्यापारी शिकार आहे. सीलसुद्धा वेगळा. इनुइट जास्त करून रिंग्ड सील मारतात, वर्षभर, गरजेप्रमाणे, मांस गावात वाटून खातात, कातड्याचे बूट-हातमोजे करतात, उरलेलं कातडं विकून बंदुकीच्या गोळ्या आणि पेट्रोल घेतात कारण पुढच्या शिकारीला तेच लागतं. व्यापारी शिकार हार्प सीलची, मार्च-एप्रिलमध्ये, समुद्रात वाहत्या बर्फावर, जिथे माद्या पिल्लं घालतात. आमच्या बाटलीवर हार्प सील लिहिलंय. मग मागची ती उत्तरेकडच्या लोकांची ओळ कोणाच्या जीवावर?

पिल्लाचं पण सांगते, कारण लोकांना तेवढाच फोटो आठवतो. हार्प सीलची मादी जेमतेम १२ दिवस दूध पाजते, दूध इतकं दाट की जवळपास अर्धं फॅटच असतं, मग ती निघून जाते. पिल्लू तेव्हा पांढरंशुभ्र असतं आणि दोनेक आठवड्यांचं झालं की ती लव गळायला लागते. १९७७ मध्ये फ्रेंच नटी ब्रिजित बार्दो शिकारीला विरोध करायला बर्फावर गेली आणि त्या पांढऱ्या पिल्लाचे फोटो जगभर गेले, १९८३ मध्ये युरोपने पिल्लांच्या कातड्यावर बंदी आणली, १९८७ मध्ये कॅनडाने पांढऱ्या पिल्लांची व्यापारी शिकार बंद केली. आज फोटोत दिसतं ते पिल्लू कायद्याने मारता येत नाही. पण लव गळून पडली, पिल्लू साधारण २५ दिवसांचं झालं की मारता येतं, आणि व्यापारी शिकारीत मरणारे बहुतेक सील तीन महिन्यांच्या आतले असतात. बंदूक किंवा हाकापिक नावाचा लोखंडी टोकाचा सोटा. २००९ पासून नियम असा की आधी कवटीवर घाव, मग मेला का ते कवटी दाबून तपासायचं, मग रक्त काढायचं. कागदावर नीट आहे. हलत्या बर्फावर, वाऱ्यात, लांबून हलत्या बोटीवरून गोळी मारून दर वेळी ते तसंच होतं यावर विरोधकांचा विश्वास नाही, आणि सगळं वाचून माझाही बसला नाही.

शेजारच्या काकांसमोर हे बोलले तर त्यांनी एकदम विचारलं, काऊन बापा, तुम्ही दर रविवारी सावजी मटण खाता न, मग सीलनं काय पाप केलं. प्रश्न बरोबर आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. ब्रॉयलर कोंबडी आपल्याकडे पाच-सहा आठवड्यांची असते तेव्हा कापली जाते, ती एक दिवस मोकळी फिरलेली नसते, सील निदान समुद्रातल्या बर्फावर जन्मतो आणि समुद्रात राहतो. फक्त डोळे मोठे आणि लव पांढरी म्हणून एकाचा कळवळा आणि दुसऱ्याला तर्री, हे मला पटत नाही. जो माणूस चिकन खातो त्याने इनुइट माणसाला तू सील खाऊ नको म्हणायचा अधिकार कुठून आणला? तिकडे शेती होत नाही, नुनावुत या इनुइटांच्या उत्तरेकडच्या प्रदेशात भाजीपाला विमानाने येतो आणि दक्षिणेतल्या कॅनडाच्या कितीतरी पट महाग पडतो, निम्म्याहून जास्त घरांत पुरेसं खायला मिळेल याची खात्री नसते. अशा ठिकाणी सील हेच घरचं जेवण आहे.

आणि बंदीचा मार नेमका त्यांनाच बसला. १९८३ ची बंदी पांढऱ्या पिल्लांवर होती, जी इनुइट मारतच नव्हते, पण सीलचं कातडं म्हटलं की लोक नाक मुरडू लागले, सगळाच बाजार बसला आणि गावंच्या गावं हातात पैसा नसलेली झाली. २००९ मध्ये युरोपने पूर्ण बंदी आणली तेव्हा इनुइटांसाठी सूट ठेवली होती, पण सूट असून उपयोग काय, माल घ्यायला कोणी तयार पाहिजे न. कॅनडा आणि नॉर्वे जागतिक व्यापार संघटनेत गेले, २०१४ मध्ये निकाल आला की लोकांच्या नैतिक भावनेसाठी बंदी घालता येते, पण इनुइटांची सूट ज्या पद्धतीने दिली ती भेदभावाची आहे, मग २०१५ मध्ये युरोपने नियम बदलले. त्याच २०१४ मध्ये सीलच्या शिकारीविरुद्ध मोहीम चालवलेल्या ग्रीनपीस कॅनडा या पर्यावरण संघटनेने इनुइटांची जाहीर माफी मागितली, की आमच्या मोहिमेमुळे तुमचं नुकसान झालं. माफीनं बाजार परत आला नाही, तरी मला त्या माफीचा आदर वाटतो, मोठ्या संघटना इतकं सहजी करत नाहीत.

हे वाचताना मला सारखे आपले फासेपारधी आठवत होते. अमरावती, अकोला, यवतमाळकडे ज्यांनी पारधी बेडे (वस्त्या) बघितले आहेत त्यांना सांगायला नको. तित्तर, लावा, हरीण यांना फास लावून पकडणं ही त्यांची पिढीजात विद्या, एकेक फास हातानं विणलेला, कोणत्या पाखराला कोणत्या उंचीवर लावायचा ते पोरांना लहानपणापासून येतं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने असल्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, १९५२ मध्ये तो शिक्का कायद्यातून गेला, आणि १९७२ मध्ये वन्यजीव कायदा आला, शिकार बंद. जंगलासाठी तो कायदा पाहिजेच होता, मी ताडोबाच्या दोन तासांवर राहते आणि त्याची किंमत मला कळते. पण ज्याच्या हातातला फास काढून घेतला त्याच्या हातात काय दिलं, हा प्रश्न तेव्हा कोणी नीट विचारला नाही आणि त्याचे भोग ती माणसं आजही भोगून राहिली, चोरी कुठेही होवो पोलीस आधी बेड्यावर. जीव वाचवायचा म्हणून आपण जे ठरवतो त्याचं बिल दर वेळी सगळ्यात गरीब माणसाच्या नावावर फाटतं, हे दोन्हीकडे सारखंच आहे.

म्हणून मी परंपरेच्या विरोधात नाही. माझा राग आहे तो दुसऱ्याची परंपरा पुढे करून आपला माल विकणाऱ्यांवर. परंपरा आहे म्हणून सांगितलं की पुढचे सगळे प्रश्न बंद होतात हे आपण शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, वेळी बघितलंच, २०१४ ची बंदी, मग राज्याने कायदा बदलला, मग १८ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाने तो बदल मान्य केला. तेव्हा इथे गावोगाव फटाके फुटले. माझ्या मामांकडे पटाची जोडी होती, बैलाला पोरासारखं जपायचे, आधी त्याला वैरण आणि मग स्वतः जेवायचे, आणि त्याच पटात शेपटी पिरगाळताना आणि तुतारीचा (बैल हाकायच्या काठीचा) खिळा टोचताना मी माणसं बघितली आहेत, ते पण परंपराच म्हणत होते. परंपरा खरी असली तरी तिच्यातलं प्रत्येक वागणं आपोआप बरोबर ठरत नाही, ते प्रत्येक वेळी तपासायलाच लागतं, आणि ते तपासायचं काम आधी ज्याची परंपरा आहे त्याचं आहे.

न्यूफाउंडलँडच्या माणसांवर मात्र मी अन्याय करणार नाही. भाची म्हणते की तिची घरमालकीण फार जीव लावते आणि तिच्या घरात तीन पिढ्या सीलवर गेलेल्या आहेत, सीलच्या वल्ह्यासारख्या पायांचा 'फ्लिपर पाय' नावाचा बेक केलेला पदार्थ करून खातात. १९१४ मध्ये सील मारायला गेलेली माणसं हिमवादळात दोन रात्री बर्फावर अडकली आणि ७८ जण मेले, आजही तिथे ते विसरलेले नाहीत. १९९२ मध्ये कॉडची मासेमारी बंद झाली आणि हजारो घरांची चूल एका दिवसात थंडावली. अशा माणसाला वर्षातून काही आठवडे सीलमधून पैसा मिळत असेल तर त्याला राक्षस म्हणायला माझी जीभ उचलत नाही. पण त्यांचं हे जगणं त्यांच्या नावानं सांगा न. आणि सील कॉड खातो म्हणून मारायचा हे जे सांगितलं जातं त्यात मोठी गोष्ट लपते, कॉड संपवला तो मोठमोठ्या ट्रॉलरनी वर्षानुवर्षं उपसून. २००४ ते २००६ मध्ये वर्षाला तीन लाखांच्या वर हार्प सील मारले गेले, आता बाजारच नाही म्हणून आकडा लाखाच्या बराच खाली आला, कोटा त्याहून कितीतरी मोठा असूनही. म्हणजे मागणी असेल तर शिकार वाढते आणि मागणी गेली की कमी होते, आणि मागणी म्हणजे नागपुरात बसून बाटली घेणारी मी पण आले.

कंपनीला मी मेल टाकला होता, साधं विचारलं की हे तेल कोणत्या शिकारीचं, शिकाऱ्याला यातून काय मिळतं, इनुइट लोकांचा काही वाटा आहे का. उत्तर आलं ते शुद्धतेचं, जड धातू तपासले आहेत, प्रक्रिया अमुक तापमानाला होते. ते चांगलंच आहे, पण मी विचारलं ते वेगळं. मी परत विचारलं तर काहीच आलं नाही. खाण्यासाठी जीव मारला असेल तर तो कुठून आला हे विचारायचा मला हक्क आहे, माझा मटणवाला मला बोकड कुठल्या बाजाराचा ते सांगतो, तो सांगतो म्हणून मी त्याच्याकडे जाते.

ज्यांना दुसरं काही पाहिजे त्यांच्यासाठी: समुद्री शेवाळापासून काढलेलं ओमेगा-३ मिळतं, त्यात डीएचए असतं आणि काहींत ईपीए पण, शाकाहारी कवचातही येतं, महाग आहे. मासे तरी ते ओमेगा-३ शेवाळातूनच मिळवतात. जवस तर आपल्या विदर्भाचंच, इतवारीत कितीही घ्या, भाजून चटणी करा, पण जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या जातीचं असतं आणि शरीर त्यातलं थोडंच ईपीए-डीएचए मध्ये बदलतं, त्यामुळे डॉक्टरने डीएचए घ्या सांगितलं असेल तर नुसत्या जवसावर भागणार नाही. चटणी तरी करा, ती चांगलीच असते. जे मासे खातात त्यांनी आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा पेडवे घेतले तर कॅप्सूलची गरज पडेलच असं नाही, नागपुरात बर्फातला माल येतो, सकाळी लवकर जाऊन गलफड लाल आहे का बघून घ्यायचा.

बाटलीत अजून निम्म्या कॅप्सूल आहेत. मी म्हटलं होतं बंद करू, बाबांनी ऐकलं नाही, त्यांचं म्हणणं जीव तर गेलाच आहे, आता कचऱ्यात टाकला तर तो आणखी वाया गेला. आईचं म्हणणं संपवा आणि पुन्हा घरात आणू नका. भाचीला सांगून झालंय, पुढच्या वेळी सेंट जॉन्सहून येताना आजोबांसाठी नुसता चांगला लोकरीचा नी-कॅप आण, डिसेंबर-जानेवारीत इथे थंडी पडतेच.